अदिती अशोक : 'ती ना, पदक हुकलेली?' याच्या पलीकडचं

हिरवळ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत गोल्फपटू अदिती अशोकचा विषय निघाला आणि शेजारून लगेच आवाज आला, "ती ना, पदक हुकलेली?" हे वाक्य २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकपासून इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी धागा काढायला बसले. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

मी मूळची साताऱ्याची, बंगळुरात बावीस वर्षं झाली. गोल्फ चाळिशी उलटल्यावर शिकले, तेही गुडघ्यामुळे बॅडमिंटन बंद झालं म्हणून. त्यामुळे खेळाडू म्हणून माझं म्हणणं धरू नका. पण या मुलीची कारकीर्द मी २०११ पासून पाहतेय. तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने भारतातल्या व्यावसायिक महिला खेळाडूंची स्पर्धा जिंकल्याची बातमी इथल्या पेपरात आली होती, तेव्हापासून.

तिची सुरुवात मला फार आवडते. घरात कुणीही गोल्फ खेळत नव्हतं. वडील अशोक गुडलमणी आणि आई माहेश्वरी तिला घेऊन कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानाशेजारच्या एका हॉटेलात नाश्त्याला जायचे. तिथून सरावाची जागा दिसायची. पाच-साडेपाच वर्षांच्या अदितीला कुतूहल वाटलं की ही माणसं आनंदाने ओरडतायत ती कशासाठी. तिघं आत गेले आणि तिघंही एकदमच शिकायला लागले. आईबाबांनी पोरीवर खेळ लादला असं झालं नाही, पोरीने आईबाबांना खेळात ओढलं.

पुढचं भराभर सांगते. २०१५ मध्ये ब्रिटनमधली महिला हौशी खेळाडूंची स्ट्रोकप्ले (एकूण फटके मोजायची) स्पर्धा जिंकली. त्याच डिसेंबरात मोरोक्कोत महिलांच्या युरोपियन टूरची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेची, पात्रता स्पर्धा झाली, तिथे पहिली आली. ती जिंकणारी सर्वांत लहान मुलगी आणि पहिली भारतीय. १ जानेवारी २०१६ ला व्यावसायिक झाली. त्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक. गोल्फ ऑलिंपिकमध्ये ११२ वर्षांनी परत आलेला, ही अठरा वर्षांची, खांद्यावर बॅग घेऊन वडील. पहिले दोन दिवस ६८ आणि ६८ फटके (जितके कमी तितकं चांगलं), चक्क पहिल्या दहांत. मग ७९ आणि ७६, आणि घसरून ४१वी. नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला हिरो विमेन्स इंडियन ओपन जिंकली. महिलांच्या युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय. दोनच आठवड्यांत कतारची स्पर्धाही जिंकली आणि त्या वर्षाची सर्वोत्तम नवोदित ठरली. २०१७ पासून अमेरिकेची एलपीजीए, म्हणजे तिथली महिला व्यावसायिकांची टूर.

आता टोकियो. त्या पहाटे इथले किती जण उठले होते ते सांगा. मी उठले होते. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. वादळाचा अंदाज होता म्हणून खेळ लवकर सुरू केला होता, त्यामुळे आपल्याकडे अजून उजाडलंही नव्हतं. तीन दिवसांनंतर अदिती दुसरी होती, अमेरिकेच्या नेली कोर्डाच्या तीन फटके मागे. जागतिक क्रमवारीत ती स्पर्धेआधी २०० वी होती आणि कोर्डा पहिली, हे लक्षात घ्या. आणि मे महिन्यात अदितीला कोविड होऊन गेला होता, अंगातली ताकद अजून पुरती परतली नव्हती.

मुद्दा इथे आहे. अदितीचा चेंडू लांब जात नाही. पहिल्या फटक्यात कोर्डा तिच्यापुढे तीसेक यार्ड असायची. तीस यार्ड म्हणजे काय? एखाद्या चार फटक्यांच्या होलवर (फेरीत असे अठरा टप्पे असतात) कोर्डाला दुसरा फटका आठ नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी काठीने मारायचा आणि अदितीला त्याच हिरवळीवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, हायब्रिड या लांब पल्ल्याच्या काठीने पोचायचं. आयर्नचा चेंडू उंच चढतो, वरून पडतो आणि पडल्या जागी थांबतो. हायब्रिडचा चेंडू खालून येतो आणि पळत सुटतो. म्हणजे कोर्डाला पटर (चेंडू भोकात ढकलायची काठी) हातात घ्यायचा तो दहा फुटांवर आणि अदितीला तीस फुटांवर. असं एकदा नाही, दिवसात कितीतरी वेळा, सलग चार दिवस. आणि तरी ती त्या ६० जणींत दुसरी होती, कारण पटर हातात आल्यावर तिच्याइतकी चांगली तिथे कुणीच नव्हती.

शेवटच्या दिवशी सोळा होल झाल्यावर वादळामुळे खेळ थांबला. पाऊण तास मी टीव्हीसमोर चहाचा गार कप धरून बसले होते. परत खेळ सुरू झाल्यावर जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को दोघींनी ६५ ची फेरी खेळून १६ अंडरवर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा १६ कमी) शेवट केला, अदिती १५ अंडरवर. अठराव्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) हवी, तर पदकासाठी प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायचा जादा खेळ. दुसरा फटका हिरवळीवर आला, पण लांब. ती चेंडूमागे उकिडवी बसली, मग भोकाच्या पलीकडे जाऊन तिथून उतार पाहिला, परत आली. बॅग या वेळी आईकडे होती. चेंडू निघाला तेव्हा मला खात्री होती की जाणार. भोकाच्या कडेशेजारून गेला.

६७, ६६, ६८, ६८. एकूण २६९, म्हणजे चौथी. कोर्डा २६७, इनामी आणि को २६८.

माझं म्हणणं एवढंच आहे की या आकड्यांकडे 'हुकलं' म्हणून पाहणं ही त्या चार दिवसांची बेअदबी आहे. आखूड फटक्याची खेळाडू लांब फटक्याच्या जगात दहा वर्षं कशी टिकते, हा त्या कारकिर्दीचा खरा विषय आहे. त्यावर बोलू या.

---

कृष्णाकाठ

हिरवळताई, धागा वाचून अंगावर काटा आला. मी उठलो होतो त्या पहाटे! गोल्फमधलं काही म्हणजे काही कळत नाही. आमच्याकडे सांगलीत वडिलांना हॉकीचं वेड. त्या वेळी पुरुषांचं हॉकीचं ब्राँझ येऊन दोन दिवस झाले होते, तर अण्णा म्हणाले, आता हिलाही बघू या. आई देवपूजा सोडून येऊन बसली. बर्डी म्हणजे काय हे मी मोबाइलवर शोधून दोघांना सांगत होतो. शेवटचा चेंडू गेला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. मग संध्याकाळी नीरज चोप्राचं ८७.५८ मीटर. त्या आनंदात सकाळचं सगळे विसरले, मीसुद्धा.

एक शंका. २०० व्या क्रमांकाच्या खेळाडूला ६० जणींच्या स्पर्धेत जागा कशी मिळाली? तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, मला सांगता आलं नव्हतं.

---

हिरवळ

कृष्णाकाठ, एका देशाच्या दोनच खेळाडू घेतात. पहिल्या पंधरांत असतील तरच चार. कोरियाच्या कितीतरी मुली क्रमवारीत तिच्या वर होत्या, पण कोरियाच्या चारच आल्या. त्यामुळे यादी खाली खाली सरकते आणि २०० पर्यंत पोचते. अण्णांना माझा नमस्कार सांगा. अंगणात जाणं मला कळलं.

---

येरवडा_पहाट

उत्तम धागा. मी पुण्यात आठवड्याला तीनदा खेळतो, चौदा वर्षं झाली. पटिंगबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण टीव्हीवर ते सगळ्यात कंटाळवाणं दिसतं आणि खेळात सगळ्यात अवघड तेच असतं.

तीस फुटांच्या पटमध्ये दोन गोष्टी जमाव्या लागतात, दिशा आणि वेग. नवखा माणूस दिशेचाच विचार करतो. खरं दुखणं वेगाचं असतं. चेंडू जोरात मारला तर उताराचं ऐकत नाही, सरळ जातो. हळू मारला तर उतार त्याला ओढून नेतो. म्हणजे एकाच जागेवरून भोकाकडे जायचे रस्ते अनेक आहेत, आणि प्रत्येक रस्त्याचा वेग वेगळा. अदिती उकिडवी बसते तेव्हा यातला एक रस्ता पक्का करत असते. पावसाने खेळ थांबला की हिरवळ ओली होते आणि तोच पट दोन-तीन फूट आधी थांबतो. सोळा होल कोरड्या हिरवळीवर खेळून सतराव्याला सगळा अंदाज नव्याने बांधायचा. हे टीव्हीवर दिसत नाही.

आमच्याकडे एक जुने कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारे) आहेत, साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते चपला काढून अनवाणी हिरवळीवर चालतात आणि तळव्याला उतार कळतो म्हणतात. मी दहा वर्षं प्रयत्न करतोय. मला कळत नाही, त्यांना कळतो. त्यांनी सांगितलेल्या रेषेवर मारलं आणि वेग बरोबर असला तर चेंडू आत जातोच. एकदा मी विचारलं, मामा, तुम्ही स्पर्धा का नाही खेळलात? म्हणाले, सोमवारी मैदान बंद असायचं तेव्हा आम्ही खेळायचो, जुन्या मोडक्या काठ्यांनी. स्पर्धेची फी कोण भरणार?

तेव्हा टोकियोत पुरुषांच्या गोल्फमध्ये आपल्या पुण्याचा उदयन मानेही होता, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली आणि उदयनला ऐनवेळी जागा मिळाली. ५६ वा आला. तिथे खेळलेला दुसरा भारतीय गोल्फर अनिर्बान लाहिरी, त्याचा जन्मही पुण्यातलाच.

---

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण भक्तिभाव जास्त झालाय. दोन मुद्दे मांडतो, राग मानू नका.

एक, गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. एका मैदानाला शेकडो एकर जमीन आणि उन्हाळ्यातही हिरवंगार गवत. ज्या राज्यात मार्चपासून टँकर फिरतात तिथे या खेळाचं कौतुक करायला माझं मन धजत नाही. वरच्या मामांची गोष्टच बघा.

दोन, टोकियो सोडा, हांगझोऊचं काय? २०२३ च्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी होती. सात! आणि ७७ मारून सुवर्ण घालवलं. रिओतही शेवटचे दोन दिवस ७९ आणि ७६. दबावात कोसळते असं कुणी म्हटलं तर ते चूक कसं?

---

हिरवळ

स्पष्टवक्ता, राग कशाला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पाण्याचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. मी साताऱ्याची आहे, माणमधले टँकर पाहून वाढले.

पैशाबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायचंय. आपल्याकडच्या पुरुष व्यावसायिकांत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्यांची मोठी परंपरा आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, तो दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. इथल्या बंगळुरूजवळच्या ईगलटन मैदानावर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा चिक्करंगप्पा व्यावसायिक स्पर्धा जिंकला. श्रीमंतांच्या कुंपणाआड गरिबांच्या मुलांनी हा खेळ शिकून घेतलाय. पण मुलींना तो रस्ताही नव्हता, कारण कॅडी म्हणून मुली घेतच नसत. म्हणून मुलींमध्ये मध्यमवर्ग आणि त्यावरच दिसतो. हे खरं दुखणं आहे आणि ते बोललं पाहिजे.

आता हांगझोऊ. तुम्ही ७७ लिहिलंत, आदल्या दिवशीचा आकडा नाही लिहिलात. ६७, ६६, ६१ आणि ७७. एकसष्ट! अकरा अंडर! ती सात फटक्यांची आघाडी आकाशातून पडली नव्हती, तिनेच एका दिवसात उभी केली होती. शेवटच्या दिवशी घसरली, थायलंडची अर्पिचाया युबोल दोन फटक्यांनी पुढे गेली. तो दिवस वाईट होता, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, नाही म्हणणार नाही. तरी आशियाई स्पर्धेत गोल्फमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला आहे.

'दबावात कोसळते' म्हणायचं तर पुढचंही पाहावं लागेल. ती ७७ ची फेरी १ ऑक्टोबर २०२३ ची. त्याच नोव्हेंबरात ती स्पेनला गेली आणि तिथली राष्ट्रीय ओपन जिंकून आली. दोन महिनेही झाले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केनियाची स्पर्धा नऊ फटक्यांनी जिंकली होती. आणि एप्रिलच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये एलपीजीएच्या स्पर्धेत तिघींचा प्लेऑफ झाला, त्यात ऑस्ट्रेलियाची हॅना ग्रीन जिंकली. अशी माणसं कोसळत नाहीत, कोसळून पुढच्या स्पर्धेला हजर होतात.

युरोपियन टूरवर तिची पाच विजेतेपदं आहेत. एलपीजीएवर अजून एकही नाही. हे मी लपवत नाही. त्याचं कारणही मला तीस यार्डांतच दिसतं. युरोपात काही मैदानं अशी आहेत की अचूकपणाला भाव मिळतो. अमेरिकेत मैदानं वर्षागणिक लांबतायत. ताकदीच्या नवीन मुली येतायत. पटरने दर आठवड्याला ती दरी भरून काढायची म्हणजे दर आठवड्याला कमाल करायची.

---

जर्सीचा_मराठी

मी न्यू जर्सीत राहतो. इथे महिलांची एलपीजीए स्पर्धा होते, तिथे दोन वर्षं स्वयंसेवक होतो. काम साधं, दोरीशेजारी उभं राहायचं आणि खेळाडू फटका मारायच्या आधी हात वर करून लोकांना शांत करायचं. त्यामुळे खेळाडू अगदी हाताच्या अंतरावरून दिसतात.

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याला वाटतं टूरवर खेळते म्हणजे पगार असेल. पगार नसतो. विमान, राहणं, जेवण, कॅडीचा आठवड्याचा पगार, सगळं खेळाडूच्या खिशातून. गुरुवार-शुक्रवार दोन फेऱ्या होतात आणि मग कट लागतो. साधारण निम्म्याहून जास्त खेळाडू तिथेच संपतात. बहुतेक स्पर्धांत त्यांना एक डॉलरही मिळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मी अशा मुली पाहिल्यात. बॅग गाडीत टाकायची, फोनवर आईशी आपापल्या भाषेत चार वाक्यं बोलायची आणि पुढच्या गावाला निघायचं. काही जणी हॉटेलचा खर्च परवडत नाही म्हणून स्थानिक कुटुंबांकडे उतरतात. आमच्या गल्लीतल्या एका घरी दर वर्षी एक मुलगी उतरायची, जाताना ती फ्रिजवर चिठ्ठी लावून जायची.

या हिशेबात २०१७ पासून टूरवर टिकून राहणं म्हणजे काय ते बघा. दर वर्षी ठराविक क्रमांकाच्या आत राहावं लागतं, नाहीतर कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) जातं आणि परत पात्रता फेरीतून यावं लागतं. भारतातून तिच्याआधी एलपीजीएचं कार्ड मिळवलेली सिमी मेहरा, नव्वदच्या दशकातली. मध्ये जवळजवळ कुणीच नाही. म्हणजे विचारायला सोबत कुणी नाही, डब्यातलं वाटून खायला कुणी नाही. कोरियाच्या मुली घोळक्याने फिरतात, ही एकटी. आई किंवा वडील बॅग उचलतात त्यात प्रेम आहेच, पण परदेशात आपल्या भाषेत बोलायला एक माणूसही त्यातून मिळतं.

आणि ऑलिंपिकमध्ये बक्षिसाची रक्कम नसते. टूरवर चौथी आली असती तर वर्षभराचा प्रवासखर्च निघाला असता. तिथे चौथ्याला काहीच नाही. तिने स्वतःही असंच काहीसं म्हटलं होतं, एरवीच्या स्पर्धेत चौथी आले असते तर खुश झाले असते, इथे होता येत नाही.

---

कृष्णाकाठ

जर्सीचा_मराठी, फ्रिजवरची चिठ्ठी वाचून थांबलो.

चौथ्या क्रमांकावरून अण्णांनी आज सकाळी मिल्खा सिंगांची आठवण काढली. १९६० चं रोम, ४०० मीटर, चौथे. १९८४ ला पी. टी. उषा, चौथी. रिओला दीपा कर्माकर, चौथी. आणि मिल्खा सिंग गेले ते जून २०२१ मध्ये, टोकियो सुरू होण्याच्या महिनाभर आधी. त्यांचा मुलगा जीव गोल्फर आहे ना?

---

येरवडा_पहाट

हो, जीव मिल्खा सिंग. युरोपियन टूरवर जाणारा पहिला भारतीय. २००६ मध्ये स्पेनच्या वाल्देर्रामाला वोल्वो मास्टर्स जिंकला, ती जागा म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. २०१२ ला स्कॉटिश ओपन. अण्णांना सांगा, वडिलांचा चौथा क्रमांक ज्या घरात रोज जेवायला बसायचा त्या घरातून तो आला.

---

आईची_डायरी

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. आम्ही पनवेलला राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. खारघरच्या सिडकोच्या गोल्फ मैदानाजवळून जाताना दोन-तीनदा म्हणाली, मला हे करायचंय. आमच्या दोघांच्याही घरात कुणी क्रिकेटशिवाय काही खेळलेलं नाही. मी एका ठिकाणी चौकशी केली, नाव लिहीत नाही, तर त्यांनी आधी पूर्ण सेट घ्या, मग वर्षाची फी भरा असं सांगितलं. आकडा ऐकून मी गप्प बसले. मुलीला अजून काही बोलले नाहीये. ती अंगात दांडगी नाही, वर्गात सगळ्यात लहानखुरी आहे. खरंच विचारतेय, अशा मुलीने या खेळात जावं का?

---

स्पष्टवक्ता

आईची_डायरी, मी वर विरोधात लिहिलंय, तरी सांगतो. मुलीला आवडत असेल तर जरूर पाठवा. माझा आक्षेप जमिनीला आणि पाण्याला आहे, तुमच्या मुलीला नाही. सिडकोच्या मैदानासारखी सार्वजनिक मैदानं वाढली तर माझ्यासारख्यांचा निम्मा राग जाईल.

आणि हिरवळताई, ६१ चा आकडा मला माहीत नव्हता. रात्री त्या फेरीची चित्रफीत पाहिली. 'कोसळते' हा शब्द मागे घेतो.

---

जर्सीचा_मराठी

आईची_डायरी, लहानखुऱ्या मुलीचं विचारताय म्हणून दीक्षा डागरचं सांगतो. ती अदितीहून दोनेक वर्षांनी लहान, हरियाणाची, डावखुरी. जन्मापासून ऐकू येत नाही. २०१७ च्या डेफलिंपिकमध्ये (ऐकू न येणाऱ्यांचं ऑलिंपिक) रौप्य, पुढच्या डेफलिंपिकमध्ये सुवर्ण. २०१९ मध्ये अठरा वर्षांची असताना दक्षिण आफ्रिकेची ओपन जिंकली, २०२३ मध्ये झेक ओपन. टोकियोला अदितीसोबत तीही खेळली. वडील लष्करी अधिकारी, बॅग त्यांच्याकडे. गोल्फमध्ये एक गोष्ट फार चांगली आहे, समोरून कुणी धावून येत नाही, चेंडू जागेवर थांबून तुमची वाट बघतो. ज्याचं शरीर जसं आहे तसा त्याला आपला खेळ बांधता येतो.

---

हिरवळ

आईची_डायरी, तुमची पोस्ट वाचून दिवसभर तोच विचार चालू होता.

आधी व्यवहाराचं. पूर्ण सेट घेऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला चौदा काठ्या लागत नाहीत आणि वर्षभरात ती त्यांच्यापेक्षा उंच होईल. सात नंबरचा एक आयर्न आणि एक पटर, दोन्ही लहान मुलांच्या मापाचे. जुने मिळाले तर उत्तम, मुलं वाढतात म्हणून लोक विकत असतात. मोठ्यांची काठी कापून देऊ नका, दांडा कडक राहतो आणि मनगट दुखतं. सरावाच्या जागी बादलीभर चेंडूंचे पैसे द्यायचे आणि तासभर मारायचे. पहिले सहा महिने एवढंच. वर्षाची फी आधी मागणाऱ्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

घरी काय करायचं तेही सांगते, कारण आमच्या इथल्या मुली हेच करतात. फरशीवर सतरंजी टाका. एक रुपयाचं नाणं ठेवा. सहा फुटांवरून पटरने चेंडू त्या नाण्यावरून न्यायचा. लागोपाठ दहा वेळा. नववा चुकला तर पुन्हा एकपासून. आमच्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आहे, गेल्या पावसाळ्यात मैदान बंद होतं तर तिने दीड महिना हेच केलं. नाण्यावर चेंडू चढला की बारीक टिक असा आवाज येतो. तिची आई म्हणाली, स्वयंपाक करताना मी टिक मोजायला लागले, सात-आठ झाले की माझाच हात थांबायचा.

अंगकाठीचं म्हणाल तर मोठी झाल्यावर ताकद लागतेच, खोटं सांगणार नाही. वरचे तीस यार्ड तुम्ही वाचलेत. पण त्या तीस यार्डांसकट अदिती २०२४ ला पॅरिसला तिसऱ्यांदा ऑलिंपिक खेळली, २९ वी आली. २०१६ ला बॅग वडिलांकडे, २०२१ ला आईकडे होती, आणि पॅरिसला ही सव्वीस वर्षांची. टोकियोचं ब्राँझ जिला मिळालं त्या लिडिया कोने पॅरिसला सुवर्ण घेतलं. त्याआधी रिओला तिचं रौप्य होतं. जिच्याकडून अदिती एका फटक्याने मागे राहिली ती कोण होती, हेही लोकांनी बघावं म्हणून सांगितलं.

---

येरवडा_पहाट

ताईंच्या नाण्याच्या युक्तीला अनुमोदन. मामांना आज विचारलं, नऊ वर्षांच्या मुलीला आधी काय शिकवायचं? म्हणाले, भोकापासून सुरू करा आणि मागे मागे सरका. आधी एक फूट, मग तीन, मग दहा. लोक उलटं करतात, लांबून सुरू करतात आणि भोकापर्यंत पोचेस्तोवर दमतात.

आईची_डायरी, माझ्या मुलीचा लहानपणीचा पटर माळ्यावर आहे. आता ती कॉलेजात आहे, वापरत नाही. पकडीचं रबर बदलावं लागेल, बाकी ठीक आहे. पनवेलला माझी दर महिन्याला चक्कर असते. व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

आईची_डायरी

दादा, व्यनि केलाय. किती आभार मानू कळत नाही.

काल रात्री तिला टोकियोची शेवटची फेरी दाखवली. चौथी आली हे आधी सांगितलं नव्हतं. शेवटचा चेंडू कडेने गेला तेव्हा ती काही बोलली नाही. मग म्हणाली, मागे घे. पाच वेळा मागे घेतलं. तिला तो चेंडू बघायचा नव्हता, अदिती खाली बसून कुठे बघते ते बघायचं होतं. सकाळी उठून बघते तर सतरंजी अंथरलेली होती आणि माझ्या पर्समधलं नाणं मधोमध ठेवलेलं होतं. काठी नाही म्हणून लाटणं घेतलं होतं. लाटण्याने चार गेले म्हणतेय, पाचवा कपाटाखाली.